घड्याळजीची पेटी

(न्यासाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील एका भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी जेव्हा मला ‘एखाद्या छंदावर बोला’ असे सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले की, अहो, माझा छंद ऐकून लोक जांभया देतील. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, अत्तराच्या कुप्या यांच्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात. मी जमवतो ती घड्याळ दुरुस्तीची जुनी अवजारे. घड्याळेसुद्धा नव्हेत, नुसती अवजारे! त्यावर चिटणीस म्हणाले, “मास्तर, तेच बोला. आणि त्या पेटीची हकिगतही सांगा.” ती हकिगत सांगायची तर त्यात माझा थोडासा कमीपणा येतो. परंतु पन्नास वर्षांच्या संस्थेच्या उत्सवात आपण नुसते हारतुरे घेण्यासाठी जमत नाही, हिशेबही द्यायचा असतो. म्हणून उभा राहिलो आहे.

आमचे लहानपण दांडिया बाजाराच्या बाजूला गेले. शाळेतून येताना एक घड्याळजींचे दुकान लागे. दुकान कसले, एका मोठ्या दुकानाच्या पायरीवर ठेवलेले काचेचे कपाट आणि त्यामागे बसलेला माणूस. डोळ्याला काळे भिंग लावून ते खाली वाकलेले असत. आम्ही मुले उभे राहून पाहत असू. ते म्हणत, “पाहा, पण श्वास सोडू नका.” आम्हाला ती थट्टा वाटे. पुढे स्वतः चिमटा हातात धरला तेव्हा कळले की ती थट्टा नव्हती. बॅलन्स चक्राच्या दांड्याचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहून किंचितच जाड असते. उच्छ्वासाने त्याच्या शेजारचा स्क्रू उडून जातो आणि मग सगळ्या घराने जमिनीवर ओणवे होऊन शोधायचे!

मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. लंबकाचे सूत्र फळ्यावर शेकडो वेळा लिहिले, पण घड्याळ उघडून पाहिले ते सेवानिवृत्तीनंतर. निमित्त झाले आमच्या आत्यांच्या यजमानांच्या खिशातल्या घड्याळाचे. ते रेल्वेत गार्ड होते. घड्याळ पडून बंद झाले होते आणि आत्यांनी ते देव्हाऱ्याच्या फळीवर जपून ठेवले होते. मी गावातल्या दोन-तीन दुकानांत नेले. सगळीकडे एकच उत्तर मिळाले, “स्टाफ तुटला आहे, आता हे काम कोणी करत नाही. सेलचे घड्याळ घ्या.”

हा स्टाफ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण पुढची सगळी हकिगत त्याच्याभोवती फिरते. घड्याळाच्या पोटात एक चक्र सारखे इकडून तिकडे झोके घेत असते, त्याला बॅलन्स म्हणतात. जुन्या घड्याळांत ते बहुधा तासाला 18,000 झोके घेते, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचे झाले 4,32,000 आणि वर्षाचे पंधरा कोटींच्या वर. हा सगळा भार ज्या पोलादी दांड्याच्या दोन टोकांवर तोलला जातो, तो स्टाफ. घड्याळ फरशीवर पडले की पहिला बळी त्याचा. 1930 नंतरच्या दशकात धक्का सोसणाऱ्या, स्प्रिंगवर बसवलेल्या खड्यांची युक्ती निघाली आणि हळूहळू सर्वत्र पसरली. त्याआधीच्या घड्याळांत मात्र स्टाफ बदलणे हे घड्याळजीचे रोजचे काम होते, आणि त्या कामासाठी जे अवजार लागते तेच माझ्या पेटीत आहे.

2011 साली मी आपल्या जुन्या बाजारात हिंडत होतो. एका भंगारवाल्याकडे तांब्याचा बंब, दोन पितळी समया आणि त्यांच्या मागे एक लाकडी पेटी दिसली. झाकण उघडले तो काय! आत वर्तुळाकार ओळींनी पोलादी सुंभे उभे होते. काही पेन्सिलीसारखे टोकदार, काही सपाट, काही गोल तोंडाचे, काहींच्या मध्ये भोक. मधोमध धनुष्यासारखी वाकलेली एक चौकट आणि तिच्या पायाशी गोल पोलादी तबकडी. भंगारवाले काका मलाच विचारू लागले, “मास्तर, आ शुं छे?” मी सांगितले, “घड्याळजीचे हत्यार.” त्यांनी लगेच किंमत वाढवली! बाराशे रुपयांना सौदा ठरला आणि मी पेटी सायकलच्या मागे बांधून घरी आणली.

घरच्या मंडळींनी स्वागत कसे केले हे सांगत नाही.

आता या संचाविषयी. इंग्रजीत त्याला स्टेकिंग सेट म्हणतात, आपल्याकडचे जुने घड्याळजी पंच-सेट म्हणत. लोहाराची ऐरण आणि घण हे जसे जोडपे, तसेच हे. फक्त येथे ऐरण रुपयाहून थोडी मोठी आणि घण दोन बोटांत धरायचा. त्या गोल तबकडीच्या कडेने लहानापासून मोठ्यापर्यंत भोके पाडलेली असतात. जे चक्र ठोकायचे त्याच्या दांड्याला नेमके बसेल ते भोक निवडायचे. मग चौकटीतून एक टोकदार सुंभा खाली सोडायचा. त्याचे टोक भोकात उतरले की भोक बरोबर त्याच्या खाली येते. तेवढ्यात खालची खीळ आवळून तबकडी पक्की करायची. आता तो टोकदार सुंभा काढून त्याच्या जागी हवा तो दुसरा घातला तरी तो केसभरही बाजूला जात नाही. सगळे कौशल्य त्या एका गोष्टीत आहे. मनुष्याचा हात थरथरतो, चौकट थरथरत नाही. ज्या कोणी हे प्रथम योजले, त्याने माणसाच्या दुबळेपणाचा विचार करून हे अवजार घडवले असे मला वाटते.

माझा संच अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतातल्या लेबनन गावच्या केंड्रिक अँड डेव्हिस या कारखान्याचा आहे. या लोकांनी सुरुवात केली घड्याळाला चावी देण्याच्या किल्ल्या बनवून. पुढे त्यांचे सुंभ्यांचे संच जगभर गेले. त्यांच्या एका नमुन्याला ‘इन्व्हर्टो’ असे नाव आहे. त्यात तोच सुंभा उलटा करून खालून बसवता येतो, म्हणजे तोच घण आणि तोच ऐरण. मोठ्या संचात शंभराच्या आसपास सुंभे असतात.

या अवजारांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. इंग्लंडात अठराव्या शतकात लँकेशायर परगणा घड्याळाच्या सुट्या भागांसाठी आणि अवजारांसाठी प्रसिद्ध होता. प्रेस्कॉट गावाच्या भोवती शेतकऱ्यांच्या घराघरांतून कानशी, चिमटे, पकडी तयार होत. लिव्हरपूलच्या जॉन वाइक नावाच्या व्यापाऱ्याने या अवजारांची चित्रे कोरून छापील यादीच काढली होती. वॉरिंग्टनच्या पीटर स्टब्स याच्या कानशींना एवढे नाव होते की त्या गिऱ्हाइके नावावर घेत, आणि पोलादी तारेची जाडी मोजण्याच्या एका मापाला आजही ‘स्टब्स’ म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये ल लोक्ल गावी 1791 साली सुरू झालेली बर्जों ही पेढी आजही घड्याळजींची हत्यारे विकते. त्याच डोंगराळ भागातील ले ब्रने गावी झाइट्झ यांच्या कारखान्याने खडे दाबून बसवण्याचे यंत्र काढले. पूर्वी खडा धातूची कड वळवून बसवीत, तो फुटला की मोठी पंचाईत होई. झाइट्झच्या पद्धतीत भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत नेमके कोरून खडा नुसता दाबून बसवायचा. जर्मनीत एसलिंगनच्या बोले कारखान्याचे छोटे लेथ, अमेरिकेत वॉल्थम येथे घडलेले वेबस्टर-व्हिटकोम्ब पद्धतीचे लेथ, असे एकेक रत्न आहे. वेबस्टर-व्हिटकोम्बचे 8 मिलिमीटरचे माप इतके सोयीचे ठरले की पुढे अनेक देशांच्या कारखान्यांनी तेच उचलले. त्यामुळे आज एका देशाचा लेथ आणि दुसऱ्या देशाची पकड सुखाने नांदतात. राष्ट्राराष्ट्रांना जे जमले नाही ते लेथला जमले!

हे सगळे ऐकून कोणास वाटेल की, जमवा, कपाटात मांडा, पाहुणे आले की दाखवा. मीही पहिले वर्षभर हेच केले. सुंभे पुसून, तेल लावून रांगेने उभे केले. बारा सुंभ्यांच्या जागा रिकाम्या होत्या, त्याचे मला फार वाईट वाटे. शिवाय एक सुंभा तर चक्क वेगळा होता. रंगाने काळसर, कारखान्याचा क्रमांक नसलेला, डोके ओबडधोबड. अहमदाबादच्या रविवारच्या गुजरीत, मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात मी हिंडलो, तो काळा सुंभा बदलून अस्सल मिळावा म्हणून.

मग एके दिवशी धीर करून आत्यांचे घड्याळ उघडले. पुस्तकात वाचले होते की जुना स्टाफ काढून नवा ठोकायचा. मी चक्र तबकडीवर ठेवले, सुंभा लावला आणि जुना स्टाफ ठोकून बाहेर काढला. निघाला, परंतु त्याबरोबर चक्राचा हातही वाकला आणि मधले भोक मोठे झाले. एका हातोडीच्या ठोक्यात मी जी वस्तू मोडली, ती चाळीस वर्षे देव्हाऱ्यात सुखरूप होती. आत्यांना सांगण्याची हिंमत मला आठ दिवस झाली नाही. शेवटी सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, बंदच होते ना ते? आता निदान कोणी हात तरी लावला.” या वाक्याने मला अधिकच ओशाळवाणे झाले.

त्या फजितीनंतर मी अहमदाबादेतील एका वृद्ध कारागिरांकडे गेलो. जातीने, भाषेने, धर्माने ते माझ्याहून वेगळे, पण दोन वाक्यांत त्यांनी मला शिष्य करून घेतले. माझे मोडलेले चक्र पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, “स्टाफ ठोकून काढायचा नसतो. लेथवर धरून त्याची दाबलेली कड आधी कापून टाकायची, मग तो बोटाच्या दाबाने गळून पडतो.” त्यांनी भंगारातली वीस घड्याळे माझ्यापुढे ओतली आणि म्हणाले, “ही मोडा. ही संपली की या.”

त्या वीसांत जास्त होती एच.एम.टी. आपल्यापैकी कितीजणांच्या मनगटावर ‘जनता’ होते? हात वर करा पाहू. पाहा, निम्मी सभा! 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला हा कारखाना निघाला आणि चावीचे घड्याळ सामान्य माणसाच्या हातात आले. परीक्षेत पास झाला की घड्याळ, लग्न ठरले की घड्याळ, नोकरीतून निवृत्त झाला की पुन्हा घड्याळ. 1969 च्या अखेरीस जपानमध्ये सेको कंपनीने सेलवर चालणारे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ते आपल्याकडेही स्वस्त झाले, आणि पायरीवर बसणाऱ्या घड्याळजीचे काम सेल बदलणे एवढेच उरले. 2016 साली सरकारने एच.एम.टी.चा घड्याळांचा धंदा बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना बंद झाल्याची बातमी छापून येते. पायरीवरचे कपाट बंद होते त्याची बातमी कोठेच येत नाही. त्यातली हत्यारे घरी जातात, माळ्यावर बसतात आणि एका दिवाळीच्या साफसफाईत किलोवर जातात.

वीस घड्याळे मोडून झाली तेव्हा मला स्टाफ बसवता येऊ लागला. कसा ते थोडक्यात सांगतो. जुना स्टाफ लेथवर कापून काढल्यावर नवा चक्रात बसवून तबकडीच्या नेमक्या भोकात ठेवायचा. प्रथम गोल तोंडाचा पोकळ सुंभा घेऊन हलके ठोके द्यायचे. प्रत्येक ठोक्यानंतर चक्र थोडे फिरवायचे, म्हणजे कड सर्व बाजूंनी सारखी पसरते. मग सपाट तोंडाच्या सुंभ्याने ती दाबून बसवायची. नंतर चक्र डुगडुगत नाही ना ते पाहायचे, आणि शेवटी माणकाच्या दोन पात्यांवर ठेवून त्याचा एखादा भाग जड तर नाही ना ते तपासायचे. जड भाग खाली येऊन थांबतो. मनुष्याचेही तसेच आहे म्हणा.

या कामात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्या काळ्या, बिनक्रमांकाच्या सुंभ्याला मी बाहेर काढून टाकणार होतो, तोच माझ्या हातात पुन्हा पुन्हा येई. लहान बायकी घड्याळांच्या स्टाफला कारखान्याचा एकही सुंभा नेमका बसत नसे. हा मात्र चपखल बसे. कोणीतरी तो हाताने बनवला होता. पोलादी सळई लेथवर कातून, भोक पाडून, लालबुंद तापवून तेलात विझवली होती, आणि मग पुन्हा मंद आचेवर रंग पाहत तिचा ठिसूळपणा काढला होता. हे पाणी देण्याचे काम ज्याला साधले तो साधा दुरुस्तीवाला नव्हे. संग्राहकाच्या दृष्टीने ती पेटीतली उणीव होती. काम करणाऱ्याच्या दृष्टीने तो पेटीतला सर्वांत मोलाचा सुंभा होता. हत्यार वापरल्याखेरीज ते ओळखता येत नाही, हे मी तेथे शिकलो.

2013 च्या पावसाळ्यात पेटीला दमट वास येऊ लागला म्हणून मी आतला लाकडी तळ उचलला. खाली घडी घातलेला एक कागद होता. सुरेख बाळबोध अक्षर, आणि समासात हिशेबाचे आकडे मोडीत. वर लिहिले होते, ‘पेटी घेतली 1938’. खाली मोडलेल्या आणि हरवलेल्या सुंभ्यांचे क्रमांक. त्यातल्या एकापुढे लिहिले होते, ‘मोडला. घरी केला. बरा झाला.’ आणि सर्वांत खाली नाव व गल्ली.

बंधुभगिनींनो, ते नाव वाचून मी मटकन खाली बसलो. ते आमच्या दांडिया बाजारातले घड्याळजी होते. ‘श्वास सोडू नका’ म्हणणारे. ते 1991 साली वारले हे मला माहीत होते. आणि दुसरे एक मला माहीत होते, जे सांगण्यासाठी मी आज येथे उभा आहे. 2009 साली याच न्यासाच्या मदत समितीवर मी होतो. त्या घरातून नातवाच्या फीसाठी अर्ज आला होता. मुलगा ज्या कारखान्यात होता तो बंद पडला होता. आम्ही पाच मिनिटांत अर्ज मंजूर केला, एकमेकांना धन्यवाद दिले आणि चहा घेतला. फी दिली, ते योग्यच केले. परंतु घड्याळजीच्या घरात घड्याळजीची पेटी असेल, तिचे काही होऊ शकेल, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. दोन वर्षांनी ती पेटी तांब्याच्या बंबाबरोबर भंगारात गेली आणि मीच ती विकत घेतली.

मी त्यांच्या घरी गेलो. काकू ऐंशीच्या घरात होत्या. पेटी ओट्यावर ठेवली तशी त्यांनी पदराने ती पुसली, जरी ती स्वच्छच होती. मी विचारले, “काकू, ही केवढ्याला गेली?” त्या म्हणाल्या, “दीडशेला. बंबाचे वेगळे.” मी बाराशेला घेतली, आणि तिची खरी किंमत त्याच्या अनेक पट होती. दीडशे आणि बाराशे यांमधला नफा भंगारवाल्याचा. बाराशे आणि खऱ्या किमतीमधला नफा माझा. मी कोणाला फसवले नव्हते. तरीसुद्धा ते आकडे मला तेथे बसवेनात.

मी म्हटले, “काकू, ही पेटी तुमची आहे. परत घ्या.”

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मास्तर, वीस वर्षे ती माझ्याकडे होती. बंद. दर दसऱ्याला मी हळदकुंकू वाहिले, पण उघडली नाही कधी. तुम्ही तिच्यावर काम करता?”

“करतो, वाईट करतो, पण करतो.”

“मग बंद पेटी परत घेऊन मी काय करू? चालती ठेवा.” आणि थोड्या वेळाने, “आमच्या पोराला दाखवाल का?”

नातू मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करीत होता. आधी त्याला उत्साह नव्हता. आजीने सांगितले म्हणून आला. पण मी पाहिले की चिमटा धरताना त्याचा हात माझ्याहून स्थिर होता. मोबाइलच्या आतले भागही काही मोठे नसतात! आम्ही करार केला. तो दर रविवारी सकाळी यायचा. ज्या दिवशी तो माझ्या मदतीशिवाय स्टाफ बदलून घड्याळ चोवीस तास नीट चालवून दाखवील, त्या दिवशी पेटी त्याची. चौदा महिने लागले. मधे दोनदा रुसून गेला, एकदा मीच रागावलो. शेवटचे घड्याळ कोणते होते सांगू? आमच्या आत्यांचे. अहमदाबादच्या कारागिरांनी त्याच जातीच्या एका मोडक्या घड्याळातले चक्र दिले होते. स्टाफ बसला तो आजोबांच्या त्या काळ्या सुंभ्याने. आत्यांनी घड्याळ कानाला लावले आणि म्हणाल्या, “चालते आहे रे.” एवढेच.

आज ती पेटी त्याच्या दुकानात, मोबाइलच्या टेबलाशेजारी आहे. लोक जुनी घड्याळे घेऊन येतात. वडिलांचे, सासऱ्यांचे, कोणाचे फेव्हर ल्यूबा, कोणाचे वेस्ट एंड. पोट मोबाइलवर भरते, हे मी लपवत नाही. पण ते काम आपल्या गावात होत नाही असे आता कोणी म्हणत नाही.

ज्यांना या छंदाची गोडी लागेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. संच घेताना सुंभ्यांची संख्या मोजू नका, प्रथम तबकडी पाहा. तिच्या भोकांच्या कडा फुटल्या असतील तर शंभर सुंभे असूनही संच कुचकामी, आणि तबकडी व चौकट निर्दोष असेल तर तीस सुंभ्यांवरही काम चालते. टोकदार सुंभा खाली सोडून तो भोकाच्या मधोमध उतरतो का ते पाहा. निरनिराळ्या कारखान्यांचे सुंभे एकमेकांच्या चौकटीत बसतीलच असे नाही, म्हणून सुटे सुंभे घेताना आपला एक सुंभा खिशात न्यावा. गंज चढला असेल तर पॉलिश कागदाने घासू नका, त्याने माप बिघडते. तेलात भिजवून, लाकडाच्या काडीने हळूहळू काढा. चुंबक जवळ येऊ देऊ नका. पोलादी हत्यार चुंबकित झाले तर हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळू लागते. पेट्रोलने भाग धुताना खिडकी उघडी ठेवा आणि देवघरातली समंई दूर ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्यांवरचा रंग कधी खरवडू नका. 1960 पर्यंतच्या अनेक तबकड्यांवर रेडियम असे. रंग आज चमकत नसला तरी रेडियम मेलेले नसते. त्याची धूळ पोटात किंवा फुप्फुसात जाणे घातक. असे घड्याळ लहान मुलांच्या हाती देऊ नये.

आता शेवटचे. या आपल्या बडोद्यात 1890 साली महाराज सयाजीरावांनी कलाभवन काढले आणि प्राध्यापक गज्जर यांच्या हाती दिले. हाताच्या विद्येला शाळेत मानाची जागा मिळावी, हा त्यामागचा विचार होता. आपला न्यास फी देतो, पुस्तके देतो, आजारपणात मदत करतो. ते चालू राहावेच. माझी विनंती एवढीच की, मदतीच्या अर्जात एक ओळ वाढवावी: ‘घरात कोणती कारागिरी होती आणि तिची हत्यारे आहेत काय?’ घड्याळजीची पेटी असेल, सोनाराचा काटा असेल, शिंप्याचे यंत्र असेल, छापखान्याचे खिळे असतील. विकायची वेळ आलीच तर ती किलोवर न जाता जाणत्याला दाखवून जावीत. आणि घरात एखादा स्थिर हाताचा मुलगा किंवा मुलगी असेल तर विकण्याआधी एकदा ती पेटी त्यांच्यापुढे उघडावी. यासाठी न्यासाला पैसा लागत नाही. रविवारची सकाळ लागते. माझ्या आहेत तेवढ्या सकाळी मी द्यायला तयार आहे. आमचा तो शिष्यही तयार आहे, आणि तो माझ्याहून चांगले शिकवतो.

काकू आता नाहीत. त्या गेल्या त्यानंतरच्या दसऱ्याला मी दुकानात गेलो होतो. पेटी उघडी होती, सुंभ्यांवर हळदकुंकवाची बोटे होती आणि रिकाम्या बारा जागांपैकी एका जागी नवा, काळसर, बिनक्रमांकाचा सुंभा उभा होता. मी विचारले, “हा कुठून आणलास?” तो म्हणाला, “घरी केला, सर.” तळाचा तो कागद त्याने जपून ठेवला आहे. आजोबांच्या शेवटच्या ओळीखाली त्याने आपल्या अक्षरात एक ओळ लिहिली होती. ती मी येथे वाचून दाखवत नाही. आपण त्याच्या दुकानात जावे आणि स्वतः पाहावी. जाताना घरातले बंद घड्याळ घेऊन जावे.